खारवट जमिनीत भाजीपाला घेताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ठाणे खाडीच्या काठाने, कळवा, मुंब्रा, दिव्यापासून ऐरोली-घणसोलीपर्यंत, भातानंतर भाजी करणारे आमचे ग्राहक फेब्रुवारी उजाडला की बहुधा एकच तक्रार घेऊन रोपवाटिकेत येतात. लावलेले रोप मरत नाही, पण वाढतही नाही; टोमॅटोच्या जुन्या पानांच्या कडा करपतात आणि मातीत ओल असूनही झाड दुपारी माना टाकते. पुष्कळदा यास रोग समजून औषध फवारले जाते. मूळ कारण, म्हणजे मातीतील मीठ, मात्र वाफ्याच्या कडेला पांढऱ्या पापुद्र्याच्या रूपात उघडेच पडलेले असते.

मातीतील पाण्यात क्षार वाढले की मुळाला ते पाणी ओढून घेणे जड जाते, म्हणजे ओलीत उभे राहूनही झाड तहानलेले राहते. त्यातच सोडियम व क्लोराइड पानांत साठून कडा जळतात आणि सोडियमच्या गर्दीत पालाश व कॅल्शियम पिकाला पुरेसे मिळत नाही. पावसाळ्यात खाली गेलेले हे क्षार थंडी सरताच बाष्पीभवनाबरोबर पुन्हा वर चढतात.

आम्ही विकत असलेले उपयुक्त जिवाणू व समुद्री शेवाळ अर्काचे मिश्रण जमिनीतील मीठ काढत नाही, हे येथे स्पष्ट लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते. त्यातील काही जिवाणू ताणाच्या काळात मुळांत वाढणाऱ्या इथिलीनला (वाढ रोखणाऱ्या वायुरूप संप्रेरकाला) आवर घालतात, त्यामुळे मुळांची वाढ कमी खुंटते. शेवाळ अर्कानेही रोपाला ताण सोसण्यास काहीशी मदत होते. क्षारता मध्यम असेल तर हा फरक डोळ्यांना दिसतो. पापुद्रा धरलेल्या, निचरा नसलेल्या वाफ्यात मात्र बाटली ओतणे म्हणजे पैसे ओतणेच होय, आणि अशा ग्राहकास आम्ही ती घेऊ नका असेच सांगतो.

मीठ काढते ते पाणीच. ढोबळ हिशेब असा की, ३० सेंटिमीटर खोलीच्या मातीतून तेवढ्याच उंचीचे गोडे पाणी खाली निथळून गेले, तर त्या थरातील सुमारे ८० टक्के क्षार धुतले जातात. एका गुंठ्याला हे पाणी सुमारे ३० हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे तीन टँकर लागते. हा खर्च कोणत्याही भाजीला परवडणारा नाही. ठाण्यात वर्षाला २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे हेच काम फुकट होऊ शकते, फक्त आत पडलेले पाणी बाहेर जायला वाट हवी. म्हणून मे महिन्यातच बांध दुरुस्त करून उधाणाचे पाणी अडवावे, चर मोकळे करावेत आणि उघाडीची (बांधातून पाणी खाडीत सोडणाऱ्या वाटेची) झडप ओहोटीला नीट उघडते की नाही, हे स्वतः पाहावे. पहिल्या पावसातच मातीचा राडा होऊन पाणी तळ्यासारखे साचत असेल, तर चिकणमातीत सोडियम बसल्याची शंका घ्यावी. तेथे जिप्सम उपयोगी पडते. त्याचे प्रमाण मात्र माती परीक्षणावरूनच ठरवावे, कारण निव्वळ खारवट जमिनीत जिप्समने काही साधत नाही.

लागवडीत एक साधी गोष्ट फार उपयोगी आहे. दोन्ही सऱ्यांत पाणी सोडले की क्षार वरंब्याच्या माथ्यावर गोळा होतात, म्हणून रोप माथ्यावर न लावता बगलेत, निम्म्या उंचीवर लावावे. वर भाताच्या पेंढ्याचे आच्छादन दिल्यास बाष्पीभवन व त्याबरोबर क्षारांची चढ कमी होते. ठिबकावर क्षार ओल्या भागाच्या कडेला साठतात. अवकाळी सर आली तर ते मुळांत उतरू नयेत म्हणून पाऊस पडत असतानाही ठिबक चालू ठेवावे. हे ऐकायला विचित्र वाटते खरे.

पीकही पाहून निवडावे. घेवडा, गाजर, मुळा व कांदा खार सोसत नाहीत. टोमॅटो व काकडी मध्यम आहेत, तर बीट आणि चवळी बऱ्यापैकी तग धरतात. मातीतील क्षार वाहकतेवरून, म्हणजे मातीच्या पाण्यातून वीज किती वाहते यावरून मोजतात; पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेले पाणी म्हणजे संपृक्त अर्क. टोमॅटोचे उत्पन्न या अर्काची वाहकता २.५ डेसीसायमन प्रति मीटरच्या पुढे गेल्यावर वाढत्या दर एका डेसीसायमनला सुमारे १० टक्क्यांनी घटते. खतांत म्युरेट ऑफ पोटॅशऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश घ्यावे, कारण पहिल्यात क्लोराइड असते. मिठात वाळवलेल्या मासळीचा भुगा खत म्हणून घालण्याची आपल्याकडील रीत अशा जमिनीत थांबवावी. आमच्या रोपांच्या ट्रेमधील कोकोपीटही आम्ही धुऊनच वापरतो, कारण नारळाच्या काथ्यात मुळातच मीठ असू शकते.

ग्राहकांनी माती आणल्यास आम्ही १० ग्रॅम माती २५ मिलिलिटर शुद्ध पाण्यात अर्धा तास ढवळून मीटरने वाहकता पाहून देतो. या पद्धतीत पाणी जास्त असल्याने आकडा संपृक्त अर्कापेक्षा बराच कमी येतो. दोन अहवालांची तुलना करताना पद्धत कोणती, हे आधी पाहावे. नमुना वाफ्याच्या पाच-सहा जागांवरून, वरचा पापुद्रा बाजूला सारून १५ सेंटिमीटर खोलीपर्यंत घ्यावा आणि खताच्या रिकाम्या पिशवीत आणू नये, अन्यथा मीटर त्या खताचेच मीठ मोजतो.