डिझेलची ताकद आणि स्पोर्ट्स कारची घाई

1952 सालच्या अमेरिकेतल्या इंडियानापोलिस 500 या मोटार शर्यतीत सगळ्यात पुढच्या जागेवरून सुटली ती चक्क एक डिझेल गाडी. कमिन्स कंपनीचं 6.6 लिटरचं ट्रकच्या घराण्यातलं इंजिन तिच्यात जवळजवळ आडवं निजवलं होतं, गाडी बुटकी राहावी म्हणून. फ्रेड अगाबाशियनने पात्रता फेरीत ताशी 138 मैलांची, म्हणजे सुमारे 222 किलोमीटरची सरासरी काढली आणि पहिली जागा पटकावली. शर्यतीत मात्र 71 फेऱ्यांनंतर गाडी थांबली. टर्बोचार्जरचं, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचं, हवा ओढायचं तोंड जमिनीलगत होतं. टायर झिजून ट्रॅकवर पडलेला रबरी कचरा तिथे जाऊन बसला आणि इंजिनाचा श्वास कोंडला.

तेव्हा डिझेलवर वेगात पळता येतं का, याचं उत्तर सत्तर वर्षांपूर्वीच मिळालंय. स्पोर्ट्स कारमध्ये डिझेल शोभतं का, हा प्रश्न वेगळा. त्यासाठी सिलिंडरच्या आत डोकवावं लागतं.

पेट्रोल इंजिनात ठिणगी पडते तेव्हा हवा आणि इंधन बहुतेक आधीच एकजीव झालेलं असतं. आग एका टोकाला लागते आणि झरझर पसरते. डिझेलमध्ये पिस्टन नुसती हवा दाबतो, साधारण पंधरा-सोळा पट. ती 500 अंश सेल्सियसच्या वर तापते, आणि पिस्टन वर पोचता पोचता तिच्यात इंधनाचा फवारा सुटतो. ठिणगी लागतच नाही. पण त्या थेंबांची आधी वाफ व्हायला हवी, त्या वाफेला प्राणवायू भेटायला हवा, मग ती जळणार. आग तयार आहे, सरपण अजून वाटेत आहे, अशी ही परिस्थिती.

आता घड्याळ लावून बघा. मिनिटाला 4,500 फेरे फिरणाऱ्या इंजिनात पिस्टनला वरून खाली यायला जेमतेम 6.7 मिलिसेकंद मिळतात. 9,000 फेऱ्यांना मिळतात 3.3. एवढ्यात फवारा, वाफ, मिसळण आणि ज्वलन सगळं उरकायचं! उशिरा जळलेल्या इंधनाचा पिस्टनला फारसा जोर मिळत नाही, त्याची उष्णता आणि काजळीच होते. शिवाय डिझेलच्या सिलिंडरमधला दाब प्रचंड, म्हणून पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँकशाफ्ट सगळं दणकट आणि जड करावं लागतं. फेरे दुप्पट केले की वरखाली धावणाऱ्या या भागांवरचा ताण चौपट होतो. म्हणून रस्त्यावरच्या डिझेल गाड्या पाच हजारांच्या आसपास हात टेकतात.

आणखी एक अडचण, जिच्याबद्दल कमी बोललं जातं. थेंबांना प्राणवायू शोधावा लागतो, त्यामुळे गरजेपेक्षा जास्त हवा आत ठेवावी लागते. नाही तर मागून काळा धूर. म्हणजे आत घेतलेल्या हवेतली थोडी कायम बिनकामाची. ही तूट टर्बो भरून काढतो. पेट्रोल इंजिनात हवा फार कोंबली की मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोकायला लागतं. डिझेलमध्ये दाबताना आत इंधनच नसतं, त्यामुळे हवा खुशाल कोंबता येते. डिझेलचा तो प्रसिद्ध टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, येतो इथून.

या टॉर्कबद्दल गप्पा फार चालतात, आणि माझ्या मते निम्म्या चुकीच्या असतात. ऑडीने 2008 मध्ये डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात आर8 या स्पोर्ट्स कारची डिझेल आवृत्ती दाखवली होती: 6 लिटरचं व्ही12 इंजिन, 500 अश्वशक्ती, 1,000 न्यूटन मीटर टॉर्क. त्याच आर8 चं पुढे आलेलं पेट्रोल व्ही10 इंजिन 530 न्यूटन मीटरचं, म्हणजे टॉर्क जवळपास निम्मा. अश्वशक्ती मात्र 525! कारण शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फेरे, आणि हे इंजिन ती शक्ती 8,000 फेऱ्यांना देतं. जास्त फिरणाऱ्या इंजिनाला खालचा गिअर लावता येतो, तो टॉर्क वाढवून चाकांकडे पाठवतो. शेवटी चाकांना कळते ती शक्तीच.

मग डिझेल चालवताना एवढं जोरदार का वाटतं? कारण तो जोर दीड-दोन हजार फेऱ्यांनाच हजर असतो. गिअर न बदलता पाय दाबला की पाठ सीटला टेकते, पुढचा ट्रक मागे पडतो. ओव्हरटेक करायला याच्यासारखं सुख नाही. पण काटा चार हजारांकडे गेला की दम संपतो, नेमका तिथे जिथे चांगलं पेट्रोल इंजिन गाऊ लागतं. त्यात वळणावर जड नाक, आणि टर्बोने दाबून टाकलेला आवाज.

चोवीस तासांच्या शर्यतीत मात्र हेच दोष पोटात घालता येतात. 1998 मध्ये बीएमडब्ल्यूच्या 320डी ने जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंगची 24 तासांची शर्यत जिंकली. 2006 मध्ये ऑडीची आर10 ही शर्यतीची गाडी फ्रान्समधली ल मॉंची 24 तासांची शर्यत जिंकणारी पहिली डिझेल गाडी ठरली. पुढे 2014 पर्यंत, 2009 मधला पूजोचा विजय धरून, तिथे दरवर्षी डिझेलच जिंकलं. शेवटची तीन वर्षं विजेच्या मोटरची साथ घेऊन. डिझेलच्या लिटरमागे ऊर्जा जास्त आणि नासाडी कमी, त्यामुळे पेट्रोलइतक्याच टाकीत पल्ला लांब. अर्थात नियमही मेहेरबान होते: टर्बो पेट्रोलला 4 लिटरचं इंजिन, डिझेलला 5.5 लिटरचं. आयोजकांनी 2007 मध्ये डिझेलची टाकी 90 वरून 81 लिटर केली, यावरून काय ते समजा. आर10 तर इतकी शांत होती की जवळून गेली तरी टायरांचा आणि वाऱ्याचाच आवाज जास्त जाणवायचा. मला ते भारी वाटतं, पण भारी वाटणं आणि अंगावर काटा येणं यात फरक आहे.

पुढे 2015 मध्ये फोक्सवॅगनने डिझेल गाड्यांच्या उत्सर्जन चाचण्यांत केलेली फसवणूक उघडकीला आली आणि हवा पालटली. जास्तीची हवा आणि प्रचंड तापमान यांतून नायट्रोजनची ऑक्साइड तयार होतात; ती आवरायला वेगळी यंत्रणा, म्हणजे आणखी वजन. शिवाय शून्य फेऱ्यांपासून टॉर्क द्यायचं काम विजेची मोटर जास्त चोख करते.

डेट्रॉइटला दाखवलेली ती डिझेल आर8 विक्रीला आलीच नाही. तिचं व्ही12 इंजिन मात्र रस्त्यावर उतरलं, ऑडीच्याच क्यू7 या अडीच टनांहून जड एसयूव्हीत. तिथे ते 1,000 न्यूटन मीटर कोणाला जास्त वाटले नाहीत.