पहाटे तीनचा आकडा

"रातच्याले एक भाकर खाल्ली, त्याच्यावर काईच नाई. मंग सकाळी दोनशे दहा आले कुठून?"

मोठेबाबांचा हा प्रश्न मी निदान वीसदा ऐकला असेल. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, सहा एकर वावर, साखरेचा आजार जुना. गोळ्यांनी भागेना म्हणून सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन लागलं. मोठाईचं उत्तर ठरलेलं असतं, "तुहे मोठेबाबा रात्री गुळाच्या डब्यात हात घालतेत." मोठेबाबा शपथा घेतात आणि मोठाईचा त्यावर विश्वास बसत नाही.

खरं सांगायचं तर मोठेबाबा निर्दोष असू शकतात. डबा घरात नाही, पोटातच आहे. मटणाच्या दुकानातली कलेजी ज्याने खाल्ली त्याला ठाऊक असेल, ती किंचित गोडसर लागते. यकृत म्हणजे साखरेचं कोठार.

हे कोठार सापडलं ते एका धुतलेल्या यकृतात. १८५५ साली पॅरिसमध्ये क्लॉद बर्नार या शास्त्रज्ञाने कुत्र्याचं ताजं यकृत घेतलं आणि त्याच्या रक्तवाहिन्यांतून पाणी सोडून ते धूत राहिला. साखरेचा मागमूस उरला नाही तेव्हा थांबला आणि ते तसंच ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर त्यात पुन्हा साखर! कुत्रा मेलेला, कोणी काही खाऊ घातलेलं नाही, तरी साखर आली. यकृतात ती दुसऱ्या रूपात साठवलेली असते हे त्यातून कळलं. दोन वर्षांनी बर्नारने तो साठा वेगळा काढून दाखवला, तेच ग्लायकोजेन.

निसर्गाने ही सोय का केली असेल? माणसाच्या अख्ख्या रक्तात कोणत्याही क्षणी ग्लुकोज असतं जेमतेम चार-पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. एकटा मेंदू तासाला साधारण पाच ग्रॅम खातो, आपण झोपलो तरी त्याची भूक झोपत नाही. यकृताने रात्रभर थोडी थोडी साखर सोडली नाही, तर तासाभरात रक्त कोरडं पडेल. यकृताचा साठा शंभर ग्रॅमच्या आसपास. रात्र सरते तसा तो आटत जातो आणि यकृत प्रथिनांच्या व चरबीच्या तुकड्यांपासून नवी साखर घडवू लागतं. किती सोडायची, याचा लगाम इन्सुलिनच्या हातात असतो. मधुमेहात लगाम ढिला पडतो, किंवा यकृत तो जुमानत नाही. कोठाराचं दार रात्रभर उघडं राहिलं की उपाशी माणसाची साखरही दोनशेवर जाते. मेटफॉर्मिनची गोळी मुख्यतः याच दाराला अडसर घालते.

त्यात पहाटेची भर असते. तीन-चारनंतर शरीर उठायच्या तयारीला लागतं. कॉर्टिसॉल हे हार्मोन चढू लागतं, आधी झोपेत सुटलेल्या वाढीच्या हार्मोनचा परिणामही आता जाणवू लागतो, आणि दोन्ही इन्सुलिनच्या विरोधात काम करतात. निरोगी माणसाचं स्वादुपिंड थोडं जास्त इन्सुलिन सोडून हे सांभाळून घेतं. ज्याला ते जमत नाही त्याची साखर कोंबडा आरवायच्या आत चढू लागते.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग रात्रीचा डोस वाढवा की. घात होतो तो इथेच.

खेड्यापाड्यात सर्वांत जास्त दिसणारं इन्सुलिन म्हणजे ३०/७०. यातला तीस टक्के भाग जेवणासाठी लवकर काम करतो आणि सत्तर टक्के भाग संथपणे. संध्याकाळी आठला टोचलं, तर या संथ भागाचा जोर मध्यरात्रीच्या आगेमागे चढतो आणि पुढे काही तास टिकतो. पहाटेची साखर त्यानंतर वाढते. सकाळचा आकडा बघून डोस चढवला, तर सकाळ सुधारायच्या आधी मध्यरात्र खाली कोसळते. डॉक्टर हे जाणतात, म्हणून रात्रीचं विचारतात. मात्र हा हिशेब रात्री झोपणाऱ्या माणसाचा आहे.

आमच्याकडे रब्बीत किती कास्तकार रात्री झोपतात? पंपाची थ्री फेज लाईन आळीपाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. सौर वाहिनीमुळे काही भागांत दिवसा मिळू लागली आहे, पण सगळीकडे नाही. रात्रीची पाळी आली की हरभऱ्याच्या ओलितासाठी अंगावर घोंगडी घेऊन वावरात जायचं, चिखल तुडवत स्प्रिंकलरचे पाइप उचलायचे, पुन्हा जोडायचे. ओलीत नसेल तेव्हा रानडुकरांसाठी जागल. काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतो, आणि काम थांबल्यावरही कित्येक तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत, आपला रिकामा झालेला साठा भरत राहतो. एकीकडून टोचलेल्या इन्सुलिनचा जोर, दुसरीकडून पाइपांची उचल, आणि वेळ रात्री एकची. दिवसभर कापूस वेचून रात्री गाढ झोपलेल्या बाईचीही हीच गत होऊ शकते.

सोबत मोहाची घेतली असेल तर आणखी वाईट. दारू निस्तरण्यात गुंतलेलं यकृत नवी साखर घडवणं जवळजवळ बंद करतं, आणि हा परिणाम पिताना जाणवत नाही, काही तासांनी गाठतो. माणूस बरळतो, लडखडतो, तोंडाला वास येतो. बांधावरचे म्हणतात, जास्त झाली. त्याला झोपू देतात. ती झोप जिवावर बेतू शकते.

साखर ७०च्या खाली गेली की तिला कमी समजायचं. ५४च्या खाली म्हणजे मेंदूचा घास तुटू लागला. जागेपणी हात थरथरतात, घाम फुटतो, भूक लागते. झोपेत मात्र या खुणा उशीवर शोधाव्या लागतात. थंडीतही बनियान ओलं, भयानक स्वप्नं, झोपेत ओरडणं, सकाळी डोकं जड. गावात याला 'बाहेरचं' ठरवून अंगारा लावणारेही असतात. अंगारा लावा, माझी हरकत नाही, पण आधी बोट टोचून साखर बघा.

आकडा कमी निघाला आणि माणूस शुद्धीवर असला तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच. मग पुढचं जेवण लांब असेल तर अर्धी भाकर. मशीन नसेल आणि संशय असेल तर साखर देऊन मोकळं व्हायचं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं. कुशीवर वळवून १०८ला फोन लावायचा.

मोठेबाबांचं काय होत होतं, ते असंच एका रात्री उघड झालं. ते घामेजून उठले, मोठाईने घाबरून गुळाचा मोठा खडा, वर दोन केळी, वर गोड चहा दिला. सकाळी २४०! शहरात दाखवलं होतं त्या दवाखान्यात फक्त सकाळचा आकडा बघून डोस वाढवला गेला होता. रात्री कोणी मोजलंच नव्हतं.

रात्री साखर पडली की शरीर घाबरून उसळी मारतं आणि सकाळी ती चढलेली दिसते, असा सिद्धांत मायकेल सोमोजी या हंगेरीत जन्मलेल्या, अमेरिकेत काम करणाऱ्या जीवरसायनतज्ज्ञाने १९३८ साली मांडला. पुढे दंडाला चिकटवून रात्रभर साखर मोजणारे सेन्सर आले, तेव्हा दिसलं की ज्यांची रात्री पडते त्यांची सकाळीही बहुधा कमीच असते. शरीराची उसळी असतेच, पण मला विचाराल तर आमच्याकडची मोठी उसळी स्वयंपाकघरातून येते. पंधरा ग्रॅम पुरतात तिथे आपण भीतीपोटी साठ देतो.

म्हणून पहाटे तीनचा आकडा हवा. रोज नाही, एका पट्टीला पैसे पडतात. दोन-तीन रात्री झोपताना, तीन वाजता आणि उठल्यावर मोजलं तरी पुष्कळ कळतं, फक्त त्यात एक रात्र ओलिताची हवी. झोपतानाच २२० असेल आणि तसाच राहिला, तर दोष जेवणाचा किंवा डोसचा. झोपताना १४०, तीनला १३० आणि सकाळी १९०, तर ती पहाटेची चढ. तीनला ६५ निघाला, तर सकाळी काहीही असो, डोस वाढवायचा नाही, हा कागद घेऊन डॉक्टर गाठायचा. सुई लावण्याआधी बोटं साध्या पाण्याने धुऊन कोरडी करायची. संत्रं सोलून तसंच बोट टोचलं तर सालीची साखर पट्टीवर जाते आणि आकडा खोटाच फुगतो.

जेवणाचं थोडक्यात. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत भात, वऱ्हाडाकडे भाकर-पोळी. काहीही असलं तरी वरण, चून, भाजी जास्त आणि भात-पोळी मोजकी. लग्नातलं तर्रीदार मटण किंवा तुपात भिजलेले रोडगे रात्री दहाला खाल्ले, तर चरबीमुळे पचन लांबतं आणि साखर झोपताना बरी दिसून मध्यरात्रीनंतर चढते. दिवाळीनंतर रात्रभर चालणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांत गोड चहाचे कप कोणी मोजत नाही, हाही एक हिशेब.

उन्हाळ्यात आणखी एक चोर असतो, उष्णता. वापरात नसलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं, उघडलेली बाटली साध्या थंडाव्यात साधारण चार आठवडे टिकते. केनियातल्या दादाब या निर्वासितांच्या छावणीतल्या उन्हाचा नमुना घेऊन झालेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. २५ ते ३७ अंशांत चार आठवडे ठेवलेलं इन्सुलिन त्यात टिकून राहिलं. दिलासा आहे, पण मे महिन्यात टिनाच्या घरात ३७ ही आम्हाला झुळूक वाटते! फ्रिज नसेल तर मोठ्या माठात ओली वाळू, त्यात लहान मडकं, मडक्यात कोरड्या डब्यात बाटली, वर ओलं फडकं. बर्फात मात्र नाही, गोठलेलं इन्सुलिन फेकायचं.

मोठेबाबांचा रात्रीचा डोस डॉक्टरांनी कमी केला. ओलिताच्या रात्रीसाठी वेगळा आकडा लिहून दिला, तो मोठाईने डब्याच्या झाकणावर चिकटवलाय. या आठवड्यात लाईन रात्रीची आहे. साडेअकराला ते निघाले तेव्हा एका खिशात टॉर्च होता, दुसऱ्यात साखरेची पुडी, तिला तीन गाठी मारलेल्या. "काऊन एवढ्या गाठी?" मी विचारलं. मोठाई म्हणाली, "सहज सुटली तर रस्त्यातच खातीन."