कृत्रिम रोहिणी-ग्राफ्ट : कॅथेटर-उपचार

पायाच्या रोहिणीतील अडथळा वळसा घालून टाळण्यासाठी बसवलेली कृत्रिम नळी (ग्राफ्ट) किंवा तिचा जोड अरुंद झाल्यास कॅथेटरवाटे (रक्तवाहिनीत सरकवायची बारीक नळी) फुगा वा स्टेंट (आतून आधार देणारी जाळीदार नळी) नेऊन मार्ग मोकळा करण्याची पद्धत. ‘धमनी’ हा शब्दही रूढ आहे. येथे ‘रोहिणी’ वापरला आहे.

पद्धतीचा उगम अमेरिकी क्ष-किरणतज्ज्ञ चार्ल्स डॉटर यांच्याकडे नेतात. त्यांनी १६ जानेवारी १९६४ रोजी पोर्टलँड (अमेरिका) येथे एका वृद्धेच्या मांडीतील रोहिणी रुंद केली. ती रोहिणी मात्र मूळची होती आणि साधन एकात एक बसणाऱ्या कॅथेटरांचे. फुगा जर्मन डॉक्टर आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १९७४ मध्ये आणला. कापडी ग्राफ्टची परंपरा वेगळी. अमेरिकी शल्यविशारद आर्थर व्हूरहीझ यांचे त्यातील काम १९५२ चे. दोन्ही प्रवाह १९७० च्या दशकाअखेर एकत्र आले, असे मानणे सयुक्तिक.

पहिल्या महिन्यात ग्राफ्ट बंद पडल्यास दोष बहुधा शस्त्रक्रियेतील तांत्रिक त्रुटीचा, त्यानंतर साधारण दोन वर्षांपर्यंत जोडाशी होणाऱ्या अंतःस्तराच्या (रोहिणीच्या आतील अस्तराच्या) वाढीचा, पुढे रोहिणीकाठिण्याचा (भिंतीत मेद साचून ती कठीण होण्याचा). अंतःस्तर का वाढतो, यावर मतभेद आहेत. ताठ नळी व लवचिक रोहिणी यांचा मेळ बसत नाही, हे एक मत. जोडाशी रक्तप्रवाह मंदावून भोवरे उठतात, हे दुसरे. शिवणीवरील वाढ पहिल्या मताला धरून आहे. पण शिवणीसमोरच्या, टाका न लागलेल्या तळावरही थर चढतो. त्याचा उलगडा प्रवाहानेच नीट होतो.

ग्राफ्ट गुठळीने पूर्ण बंद असल्यास आधी गुठळी विरघळवणारे औषध कॅथेटरमधून अनेक तास सोडतात; मग गुठळीमागे दडलेली अरुंद जागा फुग्याने रुंद करतात. त्रास सुरू होऊन १४ दिवस उलटले की या मार्गाचा लाभ घटतो, असे शस्त्रक्रिया व गुठळी विरघळवणे यांची तुलना करणाऱ्या १९९४ च्या ‘स्टाइल’ चाचणीत आढळले.

मराठवाड्यात हा अवधी कळीचा ठरतो. चालताना पोटरीत येणारे वांब हे अडथळ्याचे लक्षण, पण ते ‘वात’ म्हणून अंगावर काढले जातात. बीडकडील ऊसतोड मजूर तर दसरा-दिवाळीनंतर सहाएक महिने फडावर असतात आणि त्याआधी शस्त्रक्रिया झाली असल्यास तिसऱ्या-सहाव्या महिन्याच्या डॉपलर तपासण्या (ध्वनिलहरींनी ग्राफ्टमधील रक्तप्रवाह पाहणे) तेव्हाच येतात. या आजारात तंबाखू व मधुमेह यांचा वाटा सर्वत्र आहे तसाच येथेही.