दिवाळी घरी की फडावर? गाळपाच्या तारखेची पार्श्वभूमी

बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या ऊसतोड मजुरांच्या गावांत दसरा-दिवाळीचे वेळापत्रक पंचांगाइतकेच साखर कारखान्याच्या बॉयलरवर ठरते. बीड जिल्ह्यातले शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, वडवणी, धारूर, शेजारचे पाथर्डी: घट उठले की तोडणीच्या टोळ्या जमवणाऱ्या मुकादमाचे फोन सुरू होतात. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, बहुतेकदा आधीच घेतलेली आणि खर्चलेलीही असते.

सहकारी साखर कारखानदारी १९५० च्या अखेरीस प्रवरेकाठी सुरू झाली, पुढे कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात फोफावली. तोडीला माणसे मात्र कोरडवाहू मुलखातून आली. १९७२ च्या दुष्काळानंतर ही वाट रुळली. रोजगार हमी आली, तरी वाट मोडली नाही.

खरा तिढा गाळप, म्हणजे कारखान्यांचा ऊस गाळण्याचा हंगाम, सुरू करण्याच्या तारखेचा. ती दरवर्षी मुंबईत मंत्री समितीच्या बैठकीत ठरते. २०२१ ला १५ ऑक्टोबर ठरली. नेमका त्याच दिवशी दसरा होता आणि लक्ष्मीपूजन पुढे ४ नोव्हेंबरला. त्या हंगामात ऊस इतका झाला की काही ठिकाणी जूनपर्यंत तो फडातच, म्हणजे शेतातच, उभा होता. त्याचा धसका घेऊन २०२२ लाही १५ ऑक्टोबरच धरली गेली, लक्ष्मीपूजनाच्या नऊ दिवस आधी. २०२३ ला तारीख १ नोव्हेंबरवर आली, पण अधिक श्रावणामुळे दिवाळी १२ नोव्हेंबरपर्यंत सरकली आणि पुन्हा हुकली. तारीख इंग्रजी महिन्यावर, सण तिथीवर; मेळ बसला तर नशीब.

लवकर सुरू करण्यामागे कारणे आहेत. सीमेपलीकडचे कर्नाटकातले कारखाने आधी पेटले की कोल्हापूर-सांगलीचा ऊस तिकडे जातो. हंगाम लांबला तर उन्हात ऊस वाळतो, वजन घटते, शेतकरी ओरडतो. उलट फार लवकर तोडला तर साखर उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण) कमी पडतो आणि परतीच्या पावसाने फडात चिखल असला तर गाडी रुतते. या हिशेबात उतारा, टन, वाहतूक सगळे येते. तोडणाऱ्याच्या घरचा पाडवा येत नाही. २०२४ ला १५ नोव्हेंबर ठरली आणि विधानसभेचे मतदान २० तारखेला होते, तेव्हा मतदार गावात राहावेत म्हणून हंगाम पुढे ढकलण्याची मागणी झाली. भाऊबिजेसाठी एवढी धावपळ कुणी केल्याचे आठवत नाही.

टोळ्या तारखेच्या आधीच निघतात, कारण फडाजवळ राहायची कोपी, म्हणजे झोपडी, उभारायला दिवस लागतात. ट्रॉलीत ज्वारीचे पीठ, सरपण, भांडी, कोंबड्या, एखादी शेळी आणि त्यावर लेकरे. दिवाळी उशिरा असेल त्या वर्षी शंकरपाळ्या-चिवड्याचा डबा त्याच बोचक्यात जातो. भाऊबीज जमेल तशी, कधी निघायच्या आदल्या रात्रीच उरकतात. सासर-माहेर दोन्ही ऊसतोडीचे असेल तर बहीण-भावाची गाठ वेगवेगळ्या कारखान्यांमुळे पाडव्यापर्यंत पडत नाही, आणि हा पाडवा गुढीचा.

त्यामुळे या भागात दसऱ्याला जरा जास्तच वजन आहे. सगळा गोतावळा हमखास एकत्र सापडतो तो तेव्हाच. संत भगवानबाबांच्या भगवानगडावर आणि २०१७ पासून त्यांच्या जन्मगावी सावरगाव घाटलाही दसऱ्याला लोटणाऱ्या गर्दीकडे बाहेरचे लोक राजकारण म्हणूनच पाहतात. ते आहेच. पण सोयरिकीची बोलणी, देण्याघेण्याचे हिशेब आणि कोण कोणत्या टोळीत हेही तिथेच कळते.

मजुरांच्या मुलांसाठी कारखान्यांवर साखरशाळा आल्या, बऱ्याच मागे पडल्या. २०२१ ला ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना जाहीर झाली, ती मुले गावाकडे राहावीत म्हणून. तिचा उपयोग आहे. मात्र शाळेला दिवाळीची सुट्टी लागते तेव्हा मुलाच्या घराला कुलूप असते. आजी असली तर मूल तिच्याकडे जाते. नसली तर सुट्टीपुरते फडावर, आणि बऱ्याचदा तिथेच राहते.

२०२५ ला १ नोव्हेंबर ठरली. दिवाळी आदल्याच आठवड्यात संपली होती. २०२६ ला लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे.