वनमहोत्सवाआधीची राय

जुलै उजाडला की पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या शाळांत काळ्या पिशव्यांतली रोपे येऊन पोचतात. मुलांचे हात चिखलाने माखतात, फोटो निघतात, वनमहोत्सवाचा आठवडा साजरा होतो. देशात हा आठवडा १९५० साली सुरू झाला. केंद्रीय अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी तो रुजवला. गोवा तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली होता. मुक्ती मिळाली १९ डिसेंबर १९६१ रोजी, त्यामुळे वनमहोत्सवाचा पहिला जुलै गोव्याच्या वाट्याला यायला तब्बल एक तप गेले.

झाडे लावण्यासाठी दिवस राखून ठेवण्याची आजची प्रथा पसरली ती अमेरिकेतून. नेब्रास्का हा बहुतांशी गवताळ, उघडा प्रदेश. तिथे जे. स्टर्लिंग मॉर्टन यांच्या पुढाकाराने १० एप्रिल १८७२ रोजी पहिला ‘आर्बर डे’ पाळला गेला. तिथला एप्रिल म्हणजे बर्फ सरून माती मोकळी होण्याचा महिना. आपल्याकडे एप्रिलात सड्यावरचा, म्हणजे खडकाळ पठारावरचा, जांभा दगड इतका तापलेला असतो की कुदळ मारली तर ठिणगी उडावी. ५ जून हा पर्यावरण दिन १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेची आठवण म्हणून ठरला, आणि २१ मार्चचा वन दिन संयुक्त राष्ट्रांनी २०१२ साली जाहीर केला. मार्चमध्ये गोव्याचा माणूस काजूच्या बागेत बोंडू वेचत असतो, रोप लावत नसतो. ५ जून मात्र मृगाच्या तोंडावर येतो. पण पाऊस लांबला तर त्या दिवशी लावलेले रोप आठवड्यात माना टाकते, म्हणून मला जुलैच अधिक शहाणपणाचा वाटतो. जुन्या बागायतदाराने माडाचा कवाथा, म्हणजे रोप, कधी तारीख बघून लावला नाही, पाऊस बघूनच लावला.

आपल्या पंचांगातले झाडांचे दिवस वेगळ्या जातीचे आहेत. ज्येष्ठी पौर्णिमेला वडाची पूजा होते. (बाजारातून तोडलेली फांदी आणून घरात पूजण्यापेक्षा वडापर्यंत चालत जावे, हे मला मनापासून सांगावेसे वाटते.) चवथीला गणपतीवर माटोळी, म्हणजे फळांनी सजवलेली टांगती चौकट, बांधली जाते. तिच्यात सुपारीचे घोस, नारळ, तोरिंग आणि चिबूड असतात, आणि कवंडळ, कांगोण्या अशी रानातली फळेही. ती आणायला रान ठाऊक असावे लागते: कोणती वेल कुठल्या उतारावर चढते, कुठले फळ भाद्रपदात तयार होते. आजोबाचा हात धरून नातू रानात गेला की ही ओळख आपोआप पुढे जाते. कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीच्या स्पर्धा घेते, ते चांगलेच आहे. पण डोंगर कापला गेला तर माटोळीला काय बांधणार?

याहून जुनी गोष्ट देवराईची. सत्तरी तालुक्यात नानोड्याजवळ बांबर येथे निरंकाराची राय आहे. देवाची म्हणून तिथे कोयता चालत नाही. या धाकामुळेच रानजायफळाच्या कुळातल्या वृक्षांचे दुर्मीळ पाणथळ जंगल तिथे तगून राहिले. चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून ती गुडघ्यासारखी वाकून वर येतात.

मुक्तीनंतर सरकारी लागवडीत निलगिरी आणि अकेशिया पुष्कळ आले. खाणींच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर तर अकेशियाच जास्त. ते भराभर वाढतात, ढिगारा हिरवा दिसतो, पण त्यांतले एकही झाड माटोळीच्या कामी येत नाही. १९८४ साली गोव्यात वृक्षसंरक्षणाचा कायदा आला, आणि झाड तोडण्याआधी परवानगी व तोडल्यावर बदली लागवड बंधनकारक झाली. २०१६ मध्ये दुरुस्ती करून माडाला ‘झाड’ या व्याख्येतून वगळले, तेव्हा लोक संतापले आणि तो पुन्हा व्याख्येत आला.

बांबरच्या झाडांचे बी वाळले की मरते. ते साठवून ठेवता येत नाही. पावसात ओल्या चिखलावर पडते आणि तिथेच रुजते. म्हणून ती राय कोणत्याही आठवड्यात पिशवीतून नेऊन लावता येत नाही.