कमिशनर्स ट्रॉफी

अमेरिका व कॅनडातील मेजर लीग बेसबॉल या व्यावसायिक स्पर्धेची अंतिम मालिका, म्हणजेच वर्ल्ड सिरीज, जिंकणाऱ्या संघाला दिला जाणारा करंडक. नॅशनल लीग व अमेरिकन लीग या तिच्या दोन विभागांचे विजेते या मालिकेत समोरासमोर येतात आणि सातपैकी चार सामने आधी जिंकणारा संघ करंडकाचा मानकरी ठरतो. मराठीत अशा बक्षिसाला सरसकट चषक म्हटले जाते. पण या करंडकाला पेल्याचा आकारच नाही. वर्तुळाकार मांडलेले ३० छोटे ध्वज हे त्याचे मुख्य रूप असून प्रत्येक ध्वज मेजर लीगमधील एकेका संघाचा आहे. ध्वजांच्या मध्ये असलेल्या चांदीच्या चेंडूवर पृथ्वीगोलावर असतात तशा अक्षांश-रेखांशांच्या रेषा कोरलेल्या असून शिवणीवर सोन्याचा मुलामा आहे. बैठक वगळता उंची सुमारे ६१ सेंटिमीटर आणि वजन साधारण साडेतेरा किलो भरते. सध्याचा आराखडा टिफनी अँड कंपनीचा असून २००० सालापासून तो वापरात आहे.

वर्ल्ड सिरीज १९०३ मध्ये सुरू झाली. करंडक मात्र १९६७ मध्ये, सेंट लुईस कार्डिनल्स संघाने बोस्टन रेड सॉक्सवर सात सामन्यांत मात केली तेव्हा, प्रथम दिला गेला. त्यामुळे बेसबॉलमधील कित्येक गाजलेली विजेतेपदे करंडकाविनाच मिळवलेली आहेत. न्यूयॉर्क यँकीजच्या २७ विजेतेपदांपैकी २० या प्रथेच्या आधीची आहेत, आणि शिकागो कब्ज संघ १९०८ नंतर थेट २०१६ मध्ये जिंकला, तेव्हा त्याच्या खेळाडूंनी हा करंडक प्रथमच उंचावला.

या खेळात करंडकाची कल्पना त्याहून बरीच जुनी आहे आणि तिचा आरंभीचा अनुभव फारसा सुखाचा नव्हता. पिट्सबर्ग संघाशी संबंधित विल्यम टेंपल यांनी दिलेल्या टेंपल कपसाठी १८९४ ते १८९७ अशी चार वर्षे नॅशनल लीगमधील पहिल्या व दुसऱ्या क्रमांकाचे संघ झुंजले. वर्षभर मेहनत करून पहिला क्रमांक मिळवलेल्या संघाला पुन्हा त्याच प्रतिस्पर्ध्याशी खेळून गमावण्यासारखेच अधिक होते. चारपैकी तीन वेळा दुसऱ्या क्रमांकाचा संघ जिंकला, तरी लीगचा खरा विजेता लोक पहिल्या क्रमांकालाच मानत राहिले. तिकीटविक्रीच्या उत्पन्नातील विजेत्यांचा जादा वाटा डावलून ती रक्कम समसमान वाटून घेण्याचे खेळाडू आपसांत ठरवू लागले, तेव्हा लढतीतला जीवच गेला. वर्ल्ड सिरीज टिकली, ती दोन स्वतंत्र लीगच्या विजेत्यांना एकमेकांशी भिडवल्यामुळे. आधी लढतीला मोल आले आणि करंडक मागाहून आला, हा क्रम येथे निर्णायक वाटतो.

करंडकाला आजचे नाव १९८५ मध्ये मिळाले. अमेरिकेतील चार प्रमुख व्यावसायिक खेळांपैकी आइस हॉकीत स्टॅन्ली, अमेरिकन फुटबॉलमध्ये लोंबार्डी आणि बास्केटबॉलमध्ये ओब्रायन यांची नावे करंडकांना आहेत. बेसबॉलचा करंडक तेवढा व्यक्तीऐवजी पदाच्या, म्हणजे मेजर लीगचा प्रमुख असलेल्या आयुक्ताच्या (कमिशनर), नावाने ओळखला जातो. स्टॅन्ली कप दरवर्षी एका विजेत्याकडून दुसऱ्याकडे जातो, तर कमिशनर्स ट्रॉफी दरवर्षी नव्याने घडवली जाते आणि विजेत्या संघाकडे कायमची राहते. १९९४ मध्ये खेळाडूंच्या संपामुळे वर्ल्ड सिरीजच रद्द झाली, म्हणून त्या वर्षीचा करंडक कोणालाच मिळाला नाही.

ह्यूस्टन ॲस्ट्रोज संघाने २०१७ च्या विजेत्या हंगामात कोणता चेंडू टाकायचा हे ठरवण्यासाठी प्रतिस्पर्धी आपसांत करत असलेल्या खुणा कॅमेऱ्याच्या साहाय्याने चोरल्याचे चौकशीत सिद्ध झाले, तरीही त्यांचे विजेतेपद काढून घेतले गेले नाही. त्या निर्णयाचे समर्थन करताना फेब्रुवारी २०२० मध्ये आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी करंडकाचा उल्लेख ‘धातूचा तुकडा’ असा केला. ज्या पदाच्या नावाने करंडक दिला जातो त्याच पदावरील व्यक्तीच्या तोंडी हे शब्द आल्याने खेळाडू संतापले. ज्यासाठी आपण उभे आयुष्य घालवतो त्याचा हा अवमान आहे, अशी त्यांची भावना होती आणि ती रास्तच होती. काही दिवसांतच मॅनफ्रेड यांनी जाहीर माफी मागितली.