१६ मिमीची लेन्स आणि आभाळातला गडद पट्टा

पाऊस ओसरल्यावर मुंबईचं आभाळ थोडे दिवस लख्ख निळं असतं. त्या दिवसांत सूर्य कलत असताना नरिमन पॉइंटवरून उत्तरेला, चौपाटीच्या दिशेनं कॅमेरा धरा. अल्ट्रा-वाइड, म्हणजे १६ मिमीसारखी खूप रुंद दृश्य टिपणारी लेन्स आणि तिच्यावर पोलरायझिंग फिल्टर (एकाच दिशेनं कंप पावणारा प्रकाश आत सोडणारी, फिरवता येणारी काच) असेल, तर फोटोत आभाळाच्या मधोमध गडद निळा उभा पट्टा उमटतो आणि दोन्ही कडा फिकट राहतात. अनेक जण याचं खापर फिल्टरवर फोडतात. पण फिल्टरमध्ये खोट नाही. तो पट्टा आभाळात असतोच, फक्त नुसत्या डोळ्यांना जाणवत नाही.

सूर्याकडून थेट येणाऱ्या प्रकाशाच्या लहरी सगळ्या दिशांनी कंप पावत असतात. हवेच्या रेणूंमुळे तो प्रकाश विखुरला की त्यात एका दिशेचं कंपन वरचढ होतं. हेच ध्रुवीकरण. सूर्यापासून ९० अंशांवरच्या आभाळात ते सर्वाधिक असतं. गणितानुसार ४५ अंशांवर ते त्याच्या एक तृतीयांश उरतं. फुल फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० मिमीची लेन्स आडवे जेमतेम ४० अंश पाहते, त्यामुळे तिला हा उतार फारसा दिसत नाही. १६ मिमीची लेन्स मात्र सुमारे ९७ अंश कवेत घेते. म्हणजे पट्ट्याचा गाभा आणि फिकट कडा एकाच फोटोत येणारच.

पट्टा कुठे आहे हे हातानं शोधता येतं. तर्जनी सूर्याकडे रोखा, अंगठा काटकोनात ताणा आणि मनगट फिरवा. अंगठा जिथून फिरेल तिथे ध्रुवीकरण जास्त. सूर्य मावळतीला असेल तर पट्टा उत्तर-दक्षिण, थेट डोक्यावरून जातो. मुंबईत मेच्या मध्यावर, शून्य सावलीच्या दिवशी, दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर माथ्यावर असतो. तेव्हा हा पट्टा क्षितिजाला कड्यासारखा लागून असतो, त्यामुळे डावीकडून उजवीकडे आभाळ सारखंच गडद येऊ शकतं. पण क्षितिजाजवळचं धुरकं ध्रुवीकरण बरंच खाऊन टाकतं, हेही खरं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की या लेन्सवर पोलरायझर आभाळासाठी लावूच नये. तो पाण्यासाठी लावावा, कारण पाण्यावरच्या चकाकीतही एका दिशेचं कंपन वरचढ असतं.

याला मुंबईशी जोडलेला मोठा दाखला आहे. १९२१च्या सप्टेंबरमध्ये सी. व्ही. रामन इंग्लंडहून ‘नारकुंडा’ या बोटीनं परतत होते. समुद्राचा निळा रंग म्हणजे आभाळाचं प्रतिबिंब, असं तेव्हा मानलं जाई. रामन यांनी प्रकाश ध्रुवित करणाऱ्या निकोल प्रिझममधून पाणी पाहिलं. पृष्ठभागावरचं प्रतिबिंब विझलं, तरी निळाई उरलीच. ती पाण्याच्या रेणूंनी विखुरलेल्या प्रकाशाची होती. ‘नेचर’ला धाडलेल्या त्यांच्या पत्रावर ठिकाण होतं मुंबई बंदर.

मात्र हे प्रतिबिंब ठरावीक कोनातच पुरतं विझतं. त्यासाठी नजर क्षितिजापासून सुमारे ३७ अंश खाली झुकलेली हवी. उभ्या माणसाच्या डोळ्यांपासून हे पाणी साधारण दोन मीटर पुढे येतं. १६ मिमीचा कॅमेरा आडवा आणि समतल धरला, तर नेमकी हीच जागा फोटोच्या खालच्या काठावर पडते! म्हणून कॅमेरा थोडा खाली झुकवा किंवा उभा धरा. जवळच्या डबक्याचा तळ, खडक, शेवाळ उघडं होतं आणि दूरचं पाणी चमकत राहतं. पावसाळ्यात संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तर फरक थक्क करतो. ओल्या पानांवरची पांढरट चकाकी जाते आणि आतला हिरवा रंग वर येतो.

एक-दीड स्टॉप प्रकाश जातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), तेवढा हिशेब धरावा. फिल्टरची रिंग पातळच घ्यावी, जाड असेल तर कोपरे काळे पडतात. पुढची काच फुगीर असलेल्या १४ मिमीच्या लेन्सवर स्क्रूचा फिल्टर बसतच नाही. तिला मोठा होल्डर लागतो.

लोअर परळसारख्या भागात भिजलेला रस्ता आणि इमारतींच्या काचा एकाच फ्रेममध्ये येतात, तिथे आणखी एक पेच आहे. रस्त्यावरच्या चकाकीत आडवं कंपन वरचढ, उभ्या काचेवरच्या चकाकीत उभं. फिल्टर एकासाठी फिरवला की दुसरी चकाकी उलट उठून दिसते. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून फिल्टरच्या दोन स्थितींत दोन फोटो घ्यावेत आणि नंतर जोडावेत, हा यावरचा मार्ग. एकाच फोटोत भागवायचं असेल, तर मी रस्ता निवडेन.